सिक्स्थ फॉर्ममधल्या मुलांचं अवांतर वाचन: तुमच्या घरी कसं चाललंय?

रानजाई | शनिवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये आहोत, मिडलंड्समधल्या एका मध्यम आकाराच्या गावात. लेक सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्मला गेली, म्हणजे इयर ट्वेल्व्ह. भारतातल्या मंडळींनी अकरावी-बारावीच समजा. फरक एवढाच की इथे बहुतेक मुलं तीनच विषय घेतात आणि दोन वर्षं त्यांतच खोल जातात. त्यालाच ए-लेव्हल म्हणतात. हिने बायोलॉजी, केमिस्ट्री आणि हिस्ट्री घेतलंय.

पहिल्याच पालकसभेत तिन्ही शिक्षकांनी सांगितलं, "पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचा." सोबत शाळेची यादी मिळाली, नऊ पानांची. विषयवार, लेखकांच्या आडनावांच्या क्रमाने. पण कुठून सुरुवात करायची आणि यातलं काय कशासाठी वाचायचं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मी स्वतः कॉमर्सची. यादी हातात आली की ती पुरी करायची, एवढंच मला ठाऊक. चॅरिटी शॉपमधून दोन-दोन पौंडांना सात पुस्तकं आणून तिच्या टेबलावर ठेवली. नाताळपर्यंत एकही पुस्तक तिसाव्या पानापुढे सरकलं नाही. त्यावरून आमच्यात दोनदा चांगलीच खडाजंगी झाली. दुसऱ्या वेळी ती रडली. तेव्हा मी पुस्तकं उचलून कपाटात ठेवली आणि विषय बंद केला.

जानेवारीत एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मोठ्याने पाठ करत होती. लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज कसं शोषतात, तो धडा. पेशी मागच्या बाजूने सोडियम रक्तात ढकलत राहते, त्यामुळे आत सोडियम कमी होतो. मग आतड्यातला सोडियम एका ठरावीक दारातून आत येतो आणि येताना ग्लुकोजला सोबत घेऊन येतो. दोघं मिळूनच येतात, एकट्याला ते दार उघडत नाही. आणि दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं.

मी म्हटलं, "अगं, ही तर जलसंजीवनी."

तिला शब्द माहीत नव्हता. मग मी सांगितलं, की आमच्या लहानपणी जुलाब लागले की आजी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दिवसभर घोट-घोट पाजायची. साखर चवीसाठी असते, असं मी आजवर समजत आले होते. लेकीने पेन खाली ठेवलं. "आई, साखर चवीला नाहीये. साखर नसेल तर मीठ आत जाणार नाही, आणि मीठ गेलं नाही तर पाणी जाणार नाही." कॉलऱ्यात पेशी क्षार आणि पाणी बाहेर ओतत सुटतात, पण हे साखर-मिठाचं दार शाबूत राहतं, म्हणून साखर-मिठाच्या पाण्याने माणूस वाचतो. माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला हे पहिल्यांदा कळलं, आणि तेही लेकीकडून.

त्या रात्री आम्ही दोघी बारा वाजेपर्यंत शोधत बसलो. १९७१ साली बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. "हे आमच्या पुस्तकात का नाही?" हा तिचा प्रश्न. तिथून ती मागे गेली, लंडनच्या १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीकडे आणि कॉलरा पाण्यातून पसरतो असं मांडणाऱ्या डॉ. जॉन स्नोकडे. त्यांचा १८५५ चा मूळ ग्रंथ इंटरनेटवर फुकट मिळतो. तिने तो सगळा नाही वाचला, पण ब्रॉड स्ट्रीटवरची, म्हणजे जिथल्या पाण्याच्या पंपावर स्नो यांचा संशय होता त्या रस्त्यावरची, पानं मात्र दोनदा वाचली. हॅम्पस्टेडला राहायला गेलेल्या एका बाईंना ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचंच पाणी आवडायचं, म्हणून रोज गाडीतून बाटली मागवायच्या. आसपास कुठेही कॉलरा नसताना त्या गेल्या. उलट त्याच रस्त्यावरच्या दारूभट्टीतले सत्तरहून अधिक कामगार वाचले, कारण ते पंपाचं पाणी प्यायचेच नाहीत. "हा कंट्रोल ग्रुप आहे, आई!" म्हणजे तुलनेसाठीचा गट, असं ती ओरडलीच.

फेब्रुवारीच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही लंडनच्या सोहो भागात जाऊन तो पंप पाहिला. आता तिथे प्रतिकृती आहे, दांडा नसलेली. तिने तिथे उभं राहून मला सांगितलं, की पाणी बंद करायला ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती आणि हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे "दांडा काढला आणि साथ थांबली" ही गोष्ट सांगायला सोपी, पण पूर्ण खरी नाही. हे तिला हिस्ट्रीच्या तासामुळे सुचलं की बायोलॉजीच्या, मला सांगता येणार नाही.

म्हणून मला आता असं ठाम वाटतं, की यादी उलटी धरायला हवी. या आठवड्यात वर्गात जे चाललंय त्यातला एक धागा धरायचा आणि तो ज्या विषयात नेईल तिथे जायचं. कपाटातल्या सातपैकी पाच पुस्तकं अजून तिथेच आहेत. दोन आता तिने आपणहून काढलीत.

तुमच्या घरी कसं चाललंय? गणित, इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, इंग्लिश यांतलं मला काही कळत नाही आणि मैत्रिणी विचारत असतात. कृपया सविस्तर लिहा.

*

अपूर्णांक | शनिवार, रात्री ११.५०

रानजाई, फार छान लिहिलंत. मी एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळे गणितापुरतं लिहितो.

गणिताचं अवांतर वाचन हातात पेन्सिल असल्याशिवाय होत नाही. मुलं गणितज्ञांच्या गोष्टी वाचतात, त्या जरूर वाचाव्यात. अँड्र्यू वाइल्सना वयाच्या दहाव्या वर्षी केंब्रिजच्या एका साध्या सार्वजनिक वाचनालयात फर्माचा प्रश्न भेटला, शतकानुशतकं कुणालाच न सुटलेला. १९९३ मध्ये त्यांनी सिद्धता जाहीर केली, तिच्यात खोट निघाली आणि ती दुरुस्त व्हायला सप्टेंबर १९९४ उजाडला. सायमन सिंग यांनी ही सगळी हकिगत सुंदर सांगितली आहे. पण ते वाचून गणिताबद्दल प्रेम वाटेल, गणित येणार नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी गणितज्ञ हार्डी यांचं १९४० चं छोटं पुस्तक देतो, 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'. त्यात दोन जुन्या सिद्धता आहेत: मूळ संख्या अनंत आहेत ही एक, आणि २ चं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही ही दुसरी. मी सांगतो, पुढची ओळ पोस्टकार्डाने झाका आणि आधी स्वतः लिहून बघा, मगच कार्ड खाली सरकवा. एका पानाला एक तास लागला तरी चालेल. गेल्या वर्षी एका मुलीला मूळ संख्यांच्या सिद्धतेला अख्खी दुपार लागली. संध्याकाळी ती स्टाफरूमच्या दारात उभी. "सर, त्या सगळ्यांचा गुणाकार करून एक मिळवायचा!" तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या एनरिच या संकेतस्थळावर भरपूर प्रश्न आहेत, सगळे फुकट. केंब्रिजच्या गणित प्रवेशासाठी लागणाऱ्या स्टेप परीक्षेचे जुने पेपरही मिळतात. आठवड्याला एक प्रश्न पुरे.

आणि घरात मराठी वाचणारं कुणी असेल तर डॉ. जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व'. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. १९५७ साली बनारसहून केंब्रिजला गेलेला मुलगा तिथे कसा शिकला, हे आईवडिलांनी मुलांना वाचून दाखवावं. माझ्या मुलाला मी केंब्रिजचा भाग रोज रात्री थोडा थोडा वाचून दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही, पण कळतं सगळं.

*

मसूरडाळ | रविवार, सकाळी ८.०५

इकॉनॉमिक्सबद्दल मी लिहितो. मुलगा आता विद्यापीठात तोच विषय शिकतोय.

त्याला वर्गात पुरवठा-मागणीचे आलेख शिकवत होते आणि तो कंटाळला होता. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचं 'पुअर इकॉनॉमिक्स' मी त्याला दिलं, तेही अख्खं नाही, फक्त आरोग्याचं प्रकरण. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत मुलांना लशी द्यायच्या होत्या. लस फुकट, तरी आया येत नव्हत्या. मग काही गावांत ठरावीक दिवशी खात्रीने शिबिर भरवलं आणि काही गावांत शिबिरासोबत दर लशीमागे किलोभर डाळ दिली, सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की थाळ्यांचा संच. नुसत्या शिबिराने पूर्ण लसीकरण सुमारे १८ टक्क्यांवर गेलं, डाळ दिली तिथे ३९ टक्क्यांवर. काहीच केलं नाही तिथे ६ टक्के. शिवाय डाळ देऊनही एका मुलामागचा खर्च कमी आला, कारण नर्स रिकामी बसून राहिली नाही.

मुलाने विचारलं, "मग ही लाच झाली का?" त्या प्रश्नावर आम्ही तीन रविवार बोललो. माझी बायको म्हणे, एका दिवसाची मजुरी बुडवून जी आई येते तिची ती भरपाई आहे. माझे वडील फोनवरून म्हणाले, एकदा सवय लागली की लोक डाळीशिवाय येणार नाहीत. मुलगा दोघांच्या मधे. त्याचं खरं इकॉनॉमिक्स त्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालं, असं मला मनापासून वाटतं.

नंतर त्याला मी डॉ. आंबेडकरांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'बद्दल सांगितलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध, १९२३ साली लंडनमध्येच छापलेला. सतरा वर्षांच्या मुलाला तो सगळा झेपत नाही. पण रुपयाची किंमत चांदीशी बांधलेली असताना चांदी घसरली की काय होतं, हे त्याने पहिल्या प्रकरणांतून समजून घेतलं आणि एक्स्चेंज रेटच्या धड्यात वर्गात मांडलं. आपल्या माणसाने याच शहरात बसून हे लिहिलं, याचा अभिमान त्याला वाटला आणि मलाही.

आता कामाची माहिती. विद्यापीठांचे प्रवेश-अर्ज इथे यूकास या संस्थेमार्फत जातात. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे मुलाने स्वतःबद्दल लिहायचं टिपण, एक सलग निबंध राहिलेलं नाही, तीन प्रश्न असतात. हाच विषय का, शाळेतल्या अभ्यासाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. एकूण मर्यादा पूर्वीचीच, ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर निदान ३५० अक्षरांचं. एवढ्याशा जागेत पुस्तकांची नावं कोंबायला वावच नाही. एका पुस्तकातली एक गोष्ट आणि तिने आपल्या डोक्यात काय हललं, इतकंच मावतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनसाठी १५ ऑक्टोबरची मुदत असते, म्हणून इयर ट्वेल्व्हचा उन्हाळा वाया घालवू नका.

*

निळीशाई | रविवार, सकाळी १०.३०

हा धागा वाचून गलबलून आलं. मी इथल्याच काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, वाचनालयात काम करते.

कृपया पुस्तकं विकत घेण्याआधी आमच्याकडे या! १९६४ च्या कायद्याने वाचनालय चालवणं हे इथल्या काउन्सिलचं बंधनकारक काम आहे. सभासदत्व फुकट असतं. शाखेत पुस्तक नसेल तर दुसऱ्या शाखेतून मागवता येतं, त्याला कुठे थोडे पैसे पडतात, कुठे तेही नाहीत. लिबी किंवा बॉरोबॉक्स ॲपवर ई-पुस्तकं आणि ऑडिओ पुस्तकं मिळतात, कार्डाचा नंबर टाकला की झालं.

एक विनंती मात्र आहे. मुलांना स्वतःला काउंटरवर पाठवा. आईवडील यादी घेऊन येतात, मुलगा मागे फोनमध्ये मान घालून उभा असतो. मागच्या महिन्यात एक मुलगा एकटाच आला, घाबरत घाबरत म्हणाला, "नद्यांवर काही आहे का? पण कंटाळवाणं नको." मी त्याला भूगोलाच्या कपाटापाशी नेलं, आम्ही दोघं जमिनीवर बसून वीस मिनिटं पुस्तकं उघडून पहिली पानं वाचत होतो. तो एकच पुस्तक घेऊन गेला, आणि आठवड्याने दुसऱ्यासाठी परत आला.

*

वाटसरू | रविवार, दुपारी १.१५

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

माझा मुलगा शनिवार-रविवार सुपरमार्केटमध्ये काम करतो. ते पैसे घरात लागतात. त्याला डिस्लेक्सिया आहे, एक पान वाचायला त्याला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. त्याच्या शाळेतल्या ग्रंथपाल निवृत्त झाल्या, ती जागा भरलीच नाही. लायब्ररीची आता अभ्यासिका झाली आहे, पुस्तकं भिंतीला लावलेली आणि दोन कपाटांना कुलूप. असं असताना शिक्षक म्हणतात 'वाइडर रीडिंग करा', तेव्हा ज्याच्या घरी वेळ, पैसे आणि शिकलेले आईबाप आहेत त्याच्यासाठीच ते असतं असं वाटतं. तुमच्याकडे लंडनला जायला हाफ-टर्म होती. आमच्याकडे ती शिफ्ट होती.

तरी मुलगा काही करत नाही असं नाही. शेल्फ भरताना कानात एक इअरफोन घालायला मॅनेजरने परवानगी दिली आहे. त्यात तो बीबीसी रेडिओ ४ वरचा 'इन अवर टाइम' ऐकतो. १९९८ पासून चालू आहे, एका विषयावर तीन प्राध्यापक पाऊण तास बोलतात. फिजिक्सचे त्याने बहुतेक सगळे भाग ऐकलेत. ग्रेशम कॉलेजची व्याख्यानंही ऐकतो. लंडनमध्ये १५९७ पासून ही संस्था कुणालाही फुकट व्याख्यानं देते आणि आता ती नेटवर असतात. शिक्षकाने मात्र "वाचलंस काय?" विचारलं, तेव्हा तो गप्प बसला. ऐकलेलं सांगावं की नाही, हे त्याला कळलं नाही. मला फार लागलं ते.

*

अपूर्णांक | रविवार, दुपारी २.००

वाटसरू, राग कसला? तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि शिक्षक म्हणून मला ते लागलंही. तुमच्या मुलाने जे केलंय ते पूर्ण धरलं जातं. ऐकलेल्या भागाचं नाव लिहावं, त्यातला एक मुद्दा लिहावा, आणि तो मुद्दा वर्गातल्या कुठल्या धड्याशी जोडला गेला ते लिहावं. त्याला सांगा, पुढच्या तासाला शिक्षकांना आपण होऊन सांग. 'वाचन' हा शब्दच आम्ही बदलायला हवा. आमच्या विभागाच्या सोमवारच्या बैठकीत मी हे मांडतो.

*

निळीशाई | रविवार, दुपारी २.४०

वाटसरू, ऑडिओ पुस्तकांबद्दल मी वर लिहिलंय ते तुमच्या मुलासाठी नक्की वापरा. कार्ड काढायला त्याने यायची गरज नाही, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनही निघतं.

*

अर्धविराम | रविवार, संध्याकाळी ६.२०

मी सध्या इथल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, सायकॉलॉजी शिकते. आईने हा धागा पाठवला.

माझी चूक सांगते, म्हणजे पुढच्यांची होणार नाही. ए-लेव्हलला असताना मी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं २०११ चं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' वाचलं आणि त्यातलं सगळं ब्रह्मवाक्य मानलं. त्यात एक प्रयोग आहे: म्हातारपणाशी निगडित शब्द वाचायला दिलेले विद्यार्थी नंतर बोळातून हळू चालले. मी तो निबंधात घातला. शिक्षिका म्हणाल्या, "हा प्रयोग नंतर कुणी परत करून पाहिला का, ते शोध." मी शोधलं. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी तो वेळ यंत्राने मोजून केला तेव्हा परिणाम दिसलाच नाही. आणि २०१७ मध्ये कानेमन यांनी स्वतः मान्य केलं, की त्या प्रकरणात त्यांनी फार लहान नमुन्यांवरच्या अभ्यासांवर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला होता.

आधी मला फसवल्यासारखं वाटलं. मग उलट झालं. इतका मोठा माणूस स्वतःच्या पुस्तकातलं प्रकरण चुकलं म्हणून सांगू शकतो, म्हणजे हे शास्त्र अजून घडतंय आणि त्यात मला जागा आहे. त्या दिवशी मी हा विषय पक्का केला.

तेव्हापासून एक वही ठेवते. डाव्या पानावर पुस्तकातलं म्हणणं, माझ्या शब्दांत, दोन-तीन ओळी. उजवं पान रिकामं. कधी महिन्याने, कधी सहा महिन्यांनी तिथे काहीतरी येतं: दुसऱ्या कुणाचा विरोध, वर्गातला एखादा आकडा किंवा नुसतं 'मला अजून पटलेलं नाही'. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी फक्त उजवी पानं वाचली.

इंग्लिशबद्दल एकच सांगते, कारण मैत्रीण ते शिकत होती. तिने 'जेन एअर'च्या लगेच नंतर जीन ऱ्हीस यांची १९६६ ची 'वाइड सारगॅसो सी' वाचली. पहिल्या कादंबरीत माळ्यावर कोंडलेली बायको दुसरीत स्वतः बोलते. समीक्षेची चार पुस्तकं वाचूनही जे कळलं नसतं ते तिला त्या जोडीतून कळलं.

*

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ७.१०

नाशिकहून लिहिते आहे. इथल्या ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. रानजाई, जलसंजीवनीचं उदाहरण आजच वर्गात सांगणार! आमची मुलं पहाटेपासून क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास, नीटचे पेपर अशा चक्रात असतात. अवांतर वाचायला सांगायचीही लाज वाटते. म्हणून मी आठवड्यातून एकदा तास संपताना पाच मिनिटं एक पान वाचून दाखवते. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची पायाभरणी केली तो. त्यातल्या विज्ञानाच्या नोंदी इतक्या नेमक्या आहेत की तुमच्या परदेशातल्या मुलांनाही त्या वाचून दाखवाव्यात.

कॉलऱ्याचा धागा पुढे आपल्याकडे येतो, म्हणून सांगते. कॉलऱ्याची लस घेऊन हाफकिन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ ला. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला, त्याच्या बळावर सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा वापरला गेला. तुमच्या लेकीचे हिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्ही यात आहेत. तिला नक्की सांगा.

*

मसूरडाळ | सोमवार, सकाळी ९.००

गोदाकाठ, हे अनमोल आहे. यावर ईपीक्यू होऊ शकेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन, आपला प्रश्न आपण निवडून साधारण ५,००० शब्दांचा अहवाल लिहायचा. अर्ध्या ए-लेव्हलइतकं धरतात, ए-स्टार या सर्वांत वरच्या श्रेणीला यूकासचे २८ गुण. अवांतर वाचनाला याहून चांगलं घर नाही.

मेडिसिनकडे जाणाऱ्यांना अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांचं 'बीइंग मॉर्टल'ही द्या. त्यांचे आजोबा विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी, शंभरीनंतरही घोड्यावर बसून शेताला फेरी मारायचे आणि सगळं कुटुंब त्यांच्याभोवती असायचं. म्हातारपण अमेरिकेत कसं जातं आणि उटीत कसं गेलं, ही तुलना तिथूनच सुरू होते. पण गवांदे उटीचं नुसतं कौतुक करून थांबत नाहीत, त्या पद्धतीची तरुणांनी मोजलेली किंमतही दाखवतात. माझी पुतणी ते वाचून स्वतःच्या आजोबांशी तासभर फोनवर बोलली.

*

रानजाई | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटसरू, तुमच्या प्रतिसादाने मी दोन दिवस अस्वस्थ होते. लेकीच्या वर्गातल्या दोन मुलींचीही परिस्थिती तीच आहे, हे मी विचारल्यावर कळलं. आता गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या आमच्याकडे येतात, पुस्तकं तिघींत फिरतात. तुमच्या मुलाने शिक्षकांना सांगितलं का, ते कळवाल?

लेकीचा ईपीक्यूचा प्रश्न ठरला: १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या उपायांना लोकांनी विरोध केला तो उपायांना होता, की ते राबवण्याच्या पद्धतीला? शिक्षकांनी पहिलीच अट घातली, की फक्त इंग्रज अधिकाऱ्यांची कागदपत्रं वाचून चालणार नाही. त्या काळचं मराठी वाचावं लागेल. ती घरी आली आणि मला म्हणाली, "आई, मला तू लागणार."

सासऱ्यांच्या कपाटात 'केसरी'तल्या जुन्या लेखांचा संग्रह होता. दिरांनी पुण्याहून पाठवला, मंगळवारी पोचला. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना खाली हात धरावा लागतो. मी वाचते, ती थांबवते, मी सोपं करून सांगते, ती लिहून घेते. अर्ध्या तासात एक पान होतं. अर्धविरामची वहीची पद्धत तिने उचललीय, डावं पान भरलेलं आणि उजवं मोकळं.

काल 'ग्रंथिक सन्निपात' हा शब्द अडला. मी म्हटलं, प्लेगच गं, गाठीचा ताप म्हणायचे. तिने विचारलं, "ग्रंथी म्हणजे ग्लँड ना? मग ती गाठ काखेत आणि जांघेतच का यायची?" मला उत्तर येईना. ती उठून बायोलॉजीचं पुस्तक घेऊन आली. लिम्फ नोड शरीरात कुठे कुठे असतात त्याचं चित्र उघडलं आणि वहीच्या उजव्या पानावर माणसाची बाह्याकृती काढून काखेत आणि जांघेत ठिपके दिले. मग मला म्हणाली, "पुढचं वाच."